तेओतिवाकान समजून घ्यायचंय? आधी नकाशा उघडा

तेओतिवाकान हे मेक्सिकोतलं प्राचीन शहर. त्याच्या पिरॅमिडांपासून सुरुवात करू नका, सगळे तिथेच अडकतात. १९६०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ रेने मिलन यांच्या चमूने तयार केलेला शहराचा नकाशा आधी समोर घ्या. त्यात 'मृतांचा रस्ता', म्हणजे शहराचा मुख्य रस्ता, शोधा. तो उत्तरेपासून सुमारे १५.५ अंश पूर्वेकडे कललेला आहे, आणि शहरातली बहुतेक बांधकामं तोच कल पाळतात. सान हुआन नदीसुद्धा वळवून या चौकटीत बसवली! इतकी हुकमत दुसऱ्या कुठल्या प्राचीन शहरात दिसते ते मला सांगा.

मग घरांकडे वळा. सुमारे दोन हजार निवासी संकुलं, प्रत्येकात अनेक कुटुंबं, मधे अंगणं. आपल्या चौसोपी वाड्यांसारखी म्हणा हवं तर.

नवख्यांच्या नेहमीच्या दोन चुका:

- शहर अझ्टेकांचं (मेक्सिकोत नंतर सत्तेवर आलेल्या लोकांचं) समजणं. ते आले तेव्हा इथला वैभवकाळ संपून कित्येक शतकं लोटली होती. नाव मात्र त्यांनी दिलेलं.
- इजिप्तशी तुलना. तिथले पिरॅमिड म्हणजे राजांच्या कबरी; इथला सूर्य पिरॅमिड सुमारे ६५ मीटर उंच आहे, पण त्याच्या माथ्यावर देऊळ होतं.

तालुद-ताब्लेरो शैली (उतरत्या भिंतीवर उभी चौकट बसवण्याची बांधणी) आणि शहराची आखणी ग्रहताऱ्यांनुसार होती का हे वाद सध्या राहू द्या. नकाशावर आठवडाभर रेंगाळा, मग प्रश्न विचारा.