सगळे दात गेलेत, आता स्क्रूचे बसवू का?

ऊसबिलं जमा झाली की आमच्याकडं दातांची चौकशी वाढते, यंदा पण तसंच झालंय. आलेली पत्रं बघितली तर बहुतेक सगळी एकाच गोष्टीची, कवळी काढून फिक्स दात बसवायचे का. त्यातली पाच घेतलीत. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (कागल तालुका): डॉक्टर नमस्कार. आमचे आबा ७१ वर्षांचे आहेत, सगळे दात जाऊन आठ वर्षं झाली. वरची कवळी चांगली बसते पण खालची जेवताना उचलते, दोनदा नवीन करून घेतली तरी तेच. आता तर ती खिशात ठेवून जेवतात. भाकरी आमटीत नाहीतर दुधात कुस्करून, आणि जत्रेला मटण असलं तर नुसता रस्सा पितात, फोडी नातवाच्या ताटात सरकवतात, ते बघवत नाही. एका ठिकाणी दाखवलं तर पंधरा मिनिटांत सांगितलं की वरखाली मिळून तीन दिवसांत फिक्स दात, साडेसहा लाख, याच आठवड्यात पैसे भरले तर सूट. एफडी मोडायची माझी तयारी आहे, आबाच नको म्हणतायत. काय करू?

उत्तर: आधी आबांच्या बाजूनं बोलते. कवळी खिशात ठेवून जेवणारा माणूस हट्टी नसतो, त्याला ती खरंच त्रास देत असते. वरच्या कवळीला अख्खी टाळू मिळते, त्यामुळं ती चिकटून राहते. खाली तसं काही नाही, मधे जीभ, दोन्हीकडनं गाल, आणि बसायला नालासारखी हिरडीची एक अरुंद कड. दात काढला की त्याच्या भोवतीचं हाड झिजायला लागतं, पहिल्या वर्षात जास्त, मग हळूहळू, पण थांबत नाही, आणि खालचा जबडा वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतो. आठ वर्षांत ती कड सपाट झालेली असणार, मग कवळी कितीदा नवी केली तरी ओट्यावर ठेवलेल्या ताटलीसारखी ती सरकणारच.

अजून एक. खालच्या सुळ्याच्या थोडं मागं, दोन्ही बाजूंना, हाडातनं एक नस बाहेर येते, ओठाला आणि हनुवटीला जाणारी. हाड फार झिजलं की ती हिरडीच्या वरच्या अंगाला येते आणि कवळी नेमकी तिच्यावर दाबते. माझ्याकडं एक आज्जी आल्या होत्या, त्या जागेवर मी नुसतं बोट टेकवलं तर त्यांनी ओठ झटकला आणि म्हणाल्या, "करंट बसला बग." घरात सगळे सहा महिने समजत होते की आज्जी उगीच कटकट करतात. म्हणून आबांना एकदा नीट विचारा, कवळी नुसती हलते का कुठं एका जागी दुखते पण.

आता तुमचा मुद्दा. साडेसहा लाखाच्या आधी एक मधला रस्ता आहे आणि तो तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला, त्या दोन नसांच्या मधे, बहुतेकांचं हाड शिल्लक असतं आणि चांगलं टणक असतं. तिथं फक्त दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात घालायचे टायटॅनियमचे स्क्रू, बसवायचे, त्यांच्यावर बटणासारखी टोकं येतात, आणि कवळीच्या आतल्या अंगाला त्या बटणांच्या वाट्या. कवळी टक् करून बसते, जेवताना उचलत नाही, रात्री काढून धुवून ठेवायची. २००२ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात या विषयातले तज्ज्ञ जमले होते, त्यांनी सरळ म्हटलं की खालचे सगळे दात गेलेल्या माणसाला साधी कवळी नाही तर दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय धरावा. इतकी वर्षं झाली त्याला, आणि आपल्याकडं अजून लोकांना एक तर साधी कवळी नाहीतर थेट लाखांचे फिक्स दात एवढंच माहिती आहे. खर्चात काही पटींचा फरक पडतो. वाट्यांमधली नायलॉनची रिंग झिजते, ती अधूनमधून बदलायला लागते, पण ते दहा मिनिटांचं काम आहे. आणि वरची कवळी चांगली बसते असं तुम्हीच लिहिलंय, मग तिला हात कशाला लावायचा?

पण खरं ते सांगते, ही कवळीच आहे. हिरडीवर टेकते, खाली थोडं अन्न जातं, ऊस सोलून खाता येणार नाही. भाकरी, भात-भाजी, नीट शिजलेलं मटण, हे होतं.

ज्यांचं वय कमी आहे, हाड चांगलं आहे, कवळी तोंडात धरली की उमासे येतात, त्यांनी फिक्स दातांचा विचार जरूर करावा, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. एका जबड्यात चार ते सहा इम्प्लांट आणि त्यावर स्क्रूनं आवळलेली एक अखंड पट्टी, साधारण बारा दातांची. चारवर बसवायची जी पद्धत आहे ती पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी १९९८ च्या सुमाराला सुरू केली, त्यात मागचे दोन इम्प्लांट तिरके घालतात, म्हणजे खाली नस आणि वर सायनसची पोकळी चुकवता येते आणि बऱ्याच जणांचं बोन ग्राफ्ट, म्हणजे वेगळं हाड भरायचं काम, वाचतं.

आता ते तीन दिवस. इम्प्लांट हाडात टिकतो तो स्क्रूच्या आवळण्यानं नाही, हाड टायटॅनियमला जाऊन जुळतं म्हणून. हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांना सशाच्या हाडावर प्रयोग करताना कळलं, हाडात बसवलेली टायटॅनियमची वस्तू परत निघेचना, आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या पेशंटला असे दात बसवले. हे जुळायला खालच्या जबड्यात तीन-चार महिने आणि वरच्यात चार-सहा महिने लागतात. म्हणजे दात तीन दिवसांत बसतात, हाड तीन दिवसांत जुळत नाही. पहिल्यांदा लावतात ते बहुतेक ठिकाणी टेम्पररी असतात, सगळे इम्प्लांट एकमेकांना जखडून ठेवणारे, कारण त्या काळात इम्प्लांट केसाएवढा जरी सारखा हलत राहिला तरी हाडाऐवजी मऊ पेशी तयार होतात आणि तो ढिला पडतो. दोन-तीन महिने मऊ खायचं असतं, दात फिक्स दिसतायत म्हणून लगेच सुकं मटण नाही. काहीजण दुसऱ्या पद्धतीचे इम्प्लांट वापरतात, हाडाच्या टणक थरात खोल घालायचे, आणि पक्के दातच तीन दिवसांत देतात. तुम्हाला यातलं कुठलं सांगितलंय ते लेखी मागा. कंपनी कुठली, किती इम्प्लांट, तीन दिवसांनी मिळणार ते टेम्पररी का पक्के, एक इम्प्लांट निकामी झाला तर पुढचा खर्च कुणाचा.

आणि त्यांनी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन काढला का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. साध्या ओपीजीत, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या सपाट एक्सरेत, हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. स्कॅन न बघता आकडा सांगितला असेल तर तो आकडा आबांच्या जबड्याचा नाही. आठवड्याच्या सवलतीसाठी धावू नका, जबडा कुठं पळून जात नाही. इम्प्लांटचं काम करणाऱ्या प्रोस्थोचं म्हणजे कवळी आणि फिक्स दातातल्या एमडीएस डॉक्टरांचं दुसरं मत घ्या. खर्चाचा प्रश्न असेल तर आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात नवे पारगावला आणि शेजारी सांगलीत डेंटल कॉलेजं आहेत, तिथं चौकशी करा, हेलपाटे जास्त होतात पण सीनियर डॉक्टरांच्या नजरेखाली काम होतं.

शेवटचं आबांचं. ते नको का म्हणतायत ते तुम्ही लिहिलं नाही. एफडीमुळं असेल, ऑपरेशनच्या भीतीमुळं असेल. दोन इम्प्लांटचं काम जागा बधिर करून होतं आणि त्याच दिवशी घरी जातात, एवढं सांगितलं तरी कधी कधी माणूस तयार होतो. तरी नको म्हणाले तर त्यांच्यावर लादू नका.

प्रश्न (राजारामपुरी): मी ६३ वर्षांची. हाडं ठिसूळ झाल्यामुळं वर्षातनं एकदा सलाईनमधून इंजेक्शन घेते, तीन वर्षं झाली. दातांच्या डॉक्टरांनी शुगर, बीपी विचारलं, हे विचारलं नाही म्हणून मी पण सांगितलं नाही. सांगायला पाहिजे का?

उत्तर: मावशी, हो, आजच फोन करून सांगा. तुमच्या वर्णनावरनं ते झोलेड्रॉनिक ॲसिड असावं. आठवड्याला एक गोळी घेणारे आणि सहा महिन्यांनी पोटात किंवा दंडात इंजेक्शन घेणारे, त्यांना पण हेच लागू. ही औषधं हाडाची झीज थांबवतात पण त्यामुळं जबड्याचं हाड जखम झाल्यावर भरून येण्यात कधी कधी अडचण येते, हाडाचा तुकडा उघडा पडून राहतो. हाडाच्या ठिसूळपणासाठी जो डोस असतो त्यात हा धोका कमी असतो, म्हणून इम्प्लांट होणारच नाही असं नाही. कॅन्सरसाठी हीच औषधं मोठ्या डोसनं आणि वरचेवर देतात, त्या पेशंटना आम्ही इम्प्लांट टाळायलाच सांगतो.

एक मात्र करू नका, दातांसाठी म्हणून स्वतःच्या मनानं औषध बंद. सहा महिन्यांच्या इंजेक्शनचा डोस असा चुकवला तर मणक्याची हाडं दबून मोडू शकतात, मग त्रास दातांपेक्षा मोठा होतो. तुमचे हाडांचे डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर यांचं आपसात बोलणं होऊ दे. रक्त पातळ करायच्या गोळीचं पण असंच, ती परस्पर थांबवायची नाही.

प्रश्न (गडहिंग्लज): आईला शुगर आहे आणि मशेरी लावायची चाळीस वर्षांची सवय. दोन डॉक्टरांनी इम्प्लांटला नाही म्हटलं, तिसरे तयार आहेत. त्यांच्याकडं करू का?

उत्तर: पहिल्या दोघांनी तुमच्या आईची काळजी केली असं मला वाटतं. शुगर म्हणजे आज सकाळची नाही, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी. सातच्या आसपास असेल तर बहुतेक डॉक्टर तयार होतात, आठच्या वर असेल तर आधी ती खाली आणायची. मशेरी ही जाळलेली तंबाखूच आहे, हिरडीवर चोळतात म्हणून ती तंबाखू नाही असं आपल्या बायकांना अजून वाटतं. तंबाखूनं हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही, इम्प्लांट निकामी व्हायचं प्रमाण वाढतं. आणि जिथं मशेरी बसते तिथली कातडी पांढरी, जाड झाली असेल तर इम्प्लांटच्या आधी ते तपासून घ्या, त्यात वेळ घालवू नका. तोंड किती उघडतं ते पण बघा, स्वतःची तीन बोटं उभी दातांच्या जागी जातात का. गुटखा खाणाऱ्या बऱ्याच जणांची जात नाहीत, तिथं मग मशीन आत घालायलाच जागा राहत नाही.

सवय एकदम सुटणार नाही हे मला माहिती आहे. सकाळची पहिली मशेरी अर्धा तास पुढं ढकलायची, तिथनं सुरुवात करा. तिसऱ्या डॉक्टरांना एवढंच विचारा की शुगर आणि मशेरी माहिती असून तुम्ही काय वेगळं करणार. उत्तर पटलं तर बघू.

प्रश्न (जयसिंगपूर): स्क्रू बसवले तर पुढं एमआरआय काढता येतो का?

उत्तर: येतो. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, फक्त तोंडाजवळच्या भागात फोटो थोडा बिघडतो. काढायच्या कवळीत क्वचित चुंबकाची पकड असते, तशी असेल तर आधी सांगा. कवळी तेवढी बाहेर काढून ठेवायची.

प्रश्न (मंगळवार पेठ): अडीच वर्षांपूर्वी खालच्या जबड्यात फिक्स दात बसवले. आता ब्रश करताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, दुखत मात्र काही नाही. जिथं केलं ते क्लिनिक बंद झालंय, फोन लागत नाही. दुखत नाही म्हणजे चालेल ना?

उत्तर: नाही चालणार दादा, आणि हे दुखत नाही म्हणूनच लोक उशिरा येतात. खऱ्या दाताभोवती दोरखंडासारखे धागे असतात, ते दाताला हाडाशी बांधतात आणि दाब पडला की कळवतात. इम्प्लांटला ते नसतात. कीड लागत नाही हे खरं, पण हिरडीखाली घाण साचली की भोवतीचं हाड उतरायला लागतं आणि ते पुष्कळ उतरल्यावर मग स्क्रू हलतो. आत्ता नुसती हिरडी सुजली असेल तर ती साफसफाईनं पूर्ण बरी होऊ शकते. हाड उतरलं असेल तर तिथंच थांबवता येतं, गेलेलं सहसा पूर्ण परत येत नाही. म्हणून हा महिना घालवू नका.

तुम्हाला कुणी साफ करायचं शिकवलं होतं का? मी पेशंटच्या हातात आरसा देते आणि पट्टीच्या खालनं जाड धाग्याचा फ्लॉस त्याच्याच हातानं एका बाजूनं घालून दुसरीकडनं काढायला लावते. पहिल्या वेळी त्याला चिकटून जे पिवळं निघतं ते बघितलं की पुढं सांगायला लागत नाही. फटीतला छोटा ब्रश, पाण्याच्या फवाऱ्याचं मशीन, जे जमेल ते घ्या पण रोज. ज्यांचा हात थरथरतो, नजर कमी आहे, त्यांच्या घरात हे कोण करणार ते दात बसवायच्या आधी ठरवायला पाहिजे, आणि सहा महिन्यांनी एकदा डॉक्टरकडं.

क्लिनिक बंद झालंय त्याची अडचण वेगळीच आहे. प्रत्येक कंपनीचा स्क्रू आणि तो सोडवायचा पाना वेगळा असतो, कंपनी माहिती नसली तर पट्टी काढायलाच वेळ जातो. इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, माप आणि लॉट नंबरचा स्टिकर असतो, तो कार्डावर चिकटवून पेशंटला द्यायचा असतो. तुम्हाला दिला असेल तर शोधा. नसेल तर त्या वेळची बिलं, एक्सरे, मोबाईलमधले रिपोर्ट, व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, सगळं गोळा करून नव्या डॉक्टरकडं न्या, एक्सरेवरच्या स्क्रूच्या आकारावरनं पण बऱ्याचदा कंपनी ओळखता येते.