डीलरसाठी लावलेली चिप

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. जानेवारीत कामानिमित्त लास वेगासला चालला आहेस आणि एक संध्याकाळ ब्लॅकजॅकच्या, म्हणजे पानांची बेरीज एकवीसच्या वर न जाता जवळ नेण्याच्या पत्त्यांच्या खेळाच्या, टेबलावर बसणार आहेस, असं तुझी आई म्हणाली. खेळू नकोस असं मी सांगणार नाही. अकरा वर्षं त्याच टेबलाच्या पलीकडे उभं राहून मी घर चालवलं आहे. मला बोलायचं आहे ते डीलरच्या, म्हणजे कॅसिनोतर्फे पानं वाटणारीच्या, टिपेबद्दल.

तिथल्या बहुतेक डीलरांचा पगार किमान वेतनाच्या आसपास असतो. नेवाडात ते जुलै २०२४ पासून तासाला १२ डॉलर आहे. घरभाडं, मुलांचे खर्च, सगळं टिपेवर चालतं. ही टिप एकट्या डीलरच्या खिशातही जात नाही. बहुतेक मोठ्या कॅसिनोंत सगळ्यांची टिप एकत्र मोजतात आणि कामाच्या तासांप्रमाणे वाटतात. तेव्हा चांगली पानं दिली म्हणून टिप, वाईट दिली म्हणून नाही, असा हिशोब करू नकोस. किती बेरजेला थांबायचं याचा डीलरचा नियम टेबलाच्या कापडावरच छापलेला असतो. तिच्या मर्जीचं त्यात काही नाही.

टिप म्हणजे भेट की कमाई, हा प्रश्न क्रॅप्सच्या, म्हणजे फाशांच्या खेळाच्या, डीलरांच्या एका खटल्यात कोर्टात गेला होता. खेळणारे खुशीने देतात, म्हणून ही भेट आहे, हिच्यावर कर नको, असं डीलरांचं म्हणणं होतं. १९७६ मध्ये अपील कोर्टाने ते मान्य केलं नाही. पुढे नशीब फळफळेल या आशेने दैवाला वाहिलेला पैसा निरपेक्ष भेट कसा होईल, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. टिप हे उत्पन्न ठरलं. कर भरताना आम्हाला ते जड गेलं, पण मला तो निकाल पटतो. ते आमच्या कामाचेच पैसे होते.

आता डीलरसाठी डाव कसा लावायचा ते सांगते. तुझ्या डावाच्या वर्तुळाबाहेर, डीलरच्या बाजूच्या कडेला, पाच डॉलरची लाल चिप ठेव. बोलायची गरज नाही, तिला कळतं. तू जिंकलास तर कॅसिनो त्यात पाच घालतो आणि दहाच्या दहा डॉलर टिपेच्या पेटीत जातात. हरलास तर ती चिप कॅसिनोची. नीट खेळणाऱ्याच्या बाबतीत सरासरी काढली, तर थेट पाच डॉलर हातात देणं आणि हे, यात काही सेंटांचाच फरक पडतो. पण त्या हातापुरते तुम्ही दोघं एका बाजूला असता.

एक म्हातारे गृहस्थ माझ्या टेबलावर येत. एका रात्री त्यांची बेरीज अकरा होती आणि माझी छक्की उघडी. त्यांनी आपला डाव दुप्पट केला, आणि मग काही न बोलता माझ्या लाल चिपेशेजारी दुसरी लाल चिप ठेवली. डाव दुप्पट झाला तरी डीलरची चिप आपोआप दुप्पट होत नाही, आणि आम्हाला मागता येत नाही. मागितलं तर नोकरी जाते. मी खालचं पान उलटलं, राजा निघाला. सोळा झाले, म्हणजे मला आणखी एक पान घेणं भाग होतं. चेहरा कोरा ठेवून मी मनात मोठं पान मागत होते. नव्वी आली, बेरीज एकवीसच्या वर गेली, म्हणजे मी फुटले. चार लाल चिप्स मी टेबलावर ठक्कन वाजवल्या, वरिष्ठांना ऐकू जावं म्हणून, आणि पेटीत सोडल्या. वीस डॉलर. त्यांचं ते लक्ष ठेवणं मी अजून विसरलेले नाही.

ब्लॅकजॅक लागल्यावर, म्हणजे पहिल्या दोन पानांतच एकवीस झाल्यावर, दहाला पंधरा देणारं टेबल शोध, बारा देणारं नको. तुझ्यासारखाच तोटा डीलरच्या चिपेलाही होतो.

फाशांच्या टेबलावर, म्हणजे क्रॅप्सला, लोक हौसेने डीलरसाठी ‘हार्ड एट’ (दोन्ही फाशांवर चार) नाहीतर ‘यो’वर (बेरीज अकरा) एक डॉलर फेकतात. त्या डावांत कॅसिनो अनुक्रमे ९ आणि ११ टक्के खातो, पास लाइनवर, म्हणजे क्रॅप्सच्या मूळ डावावर, दीड टक्क्याहूनही कमी. द्यायचंच आहे तर पास लाइनवर दे. ऑस्ट्रेलियाला गेलास तर यातलं काही करू नकोस, तिथे डीलरला टिप घेताच येत नाही.

दोनशे डॉलर घेऊन बसणार असलास तर चार लाल चिप्स पहिल्यांदाच काढून वेगळ्या खिशात ठेव. हरायला लागलास तरी त्यांना हात लावू नकोस, त्या तुझ्या नाहीत. आणि डीलर बदलायच्या आत दे. पाळी संपली की ती टाळी वाजवून दोन्ही तळवे उलटेसुलटे कॅमेऱ्याला दाखवते आणि निघते. नंतर दिलेली चिप पेटीत जाईल, पण कोणी दिली ते तिला कळणार नाही.

तुझी,
मावशी