वाचकांचे प्रश्न : रेषा एकाची, ठसा दुसऱ्याचा

प्रश्न : ब्रिटिश चित्रकार ल्यूशन फ्रॉइड यांची एचिंगमधील व्यक्तिचित्रे मार्क बलाकजियान या मुद्रकाने छापली, असे वाचनात आले. दुसऱ्याने छापलेले चित्र चित्रकाराचे कसे म्हणावे? की मुद्रकाचे काम केवळ यांत्रिक असते?

उत्तर : रेषा चित्रकाराची, याविषयी शंका नको. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर आम्लाला दाद न देणारा मेणासारखा लेप दिलेला असतो. चित्रकार सुईने तो खरवडत रेखाटतो आणि पत्रा आम्लात ठेवला की उघड्या पडलेल्या रेषा तेवढ्या खोदल्या जातात. फ्रॉइड तर हा पत्रा कॅनव्हाससारखा ईझलवर उभा ठेवून, समोरच्या माणसाकडे पाहत थेट त्यावर काम करीत. तरुणपणी केलेल्या मोजक्या एचिंगनंतर ते १९८२ मध्ये या माध्यमाकडे परतले आणि काही वर्षांतच लंडनच्या ‘स्टुडिओ प्रिंट्स’मधील बलाकजियान त्यांचे नेहमीचे मुद्रक झाले.

मुद्रकाच्या कामाला मात्र यांत्रिक म्हणता येणार नाही. पत्र्यावर शाई भरल्यानंतर ती खळीच्या विरळ कापडाने आणि शेवटी बहुधा हाताच्या तळव्याने पुसावी लागते. पत्रा अगदी स्वच्छ पुसला, तर पांढऱ्या कागदावर नुसत्या रेषा उमटतात; शाईचा पातळ थर मागे ठेवला, तर त्याच रेषांभोवती करडी छटा पसरते आणि गाल, कपाळ, डोळ्यांखालचा भाग यांचे वजनच बदलते. एकाच पत्र्यावरून एक चेहरा थकलेला आणि दुसरा कठोर निघू शकतो, तो या पुसण्यामुळे. कागद किती ओलसर ठेवावा आणि प्रेसचा दाब किती असावा, हेही मुद्रकालाच पाहावे लागते.

म्हणून आधी चाचणीचे ठसे काढले जातात. ते पाहून चित्रकार कुठे रेषा वाढवतो, कुठे तांबे घासून रेषा पुसट करतो, तर कुठे केवळ शाई कमी ठेवायला सांगतो. अखेर एक ठसा मंजूर होतो आणि पुढचा प्रत्येक ठसा त्याच्याशी जुळवणे ही मुद्रकाची जबाबदारी ठरते. चित्रकाराची सही म्हणजे या जुळणीला दिलेली मान्यता असते. आमच्या मते चित्राचा कर्ता चित्रकारच. पण चित्राखालच्या माहितीत मुद्रकाचे नाव नसणे ही उणीवच आहे.

मुद्रकाचा हात जड झाल्याचीही उदाहरणे आहेत. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे मुद्रक ओग्यूस्त देलात्र शाईचा थर कौशल्याने राखण्यासाठी प्रसिद्ध होते आणि अमेरिकी चित्रकार व्हिसलर यांचा १८५८ चा एचिंगसंच त्यांच्याकडेच छापला गेला. पण या युक्तीचा अतिरेक झाला की दुबळे रेखाटनही भारदस्त दिसू लागते. (पुढे व्हिसलर आपले ठसे पुष्कळदा स्वतःच काढीत.)

कर्तृत्वाचा पेच खरा पडतो तो दुसरा हात रेषेतच शिरतो तेव्हा. सतराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइक यांनी एचिंगमधील आपल्या आत्मचित्रात मुख्यतः चेहराच रेखाटून पत्रा सोडून दिला होता. पुढे याकोब नेफ्स या कोरक्याने उरलेला भाग कोरून भरला आणि ते चित्र व्हॅन डाइक यांच्या व्यक्तिचित्रसंग्रहाचे शीर्षकपृष्ठ झाले. ज्या जुन्या ठशांत फक्त चेहरा आहे, तेच आम्हांला अधिक जिवंत वाटतात.

प्रश्न : एचिंगमध्ये चेहरा उलटा येतो काय?

उत्तर : होय. पत्र्यावरचे डावे कागदावर उजवे होते, त्यामुळे माणसाकडे पाहून जसेच्या तसे रेखाटले, तर त्याचा भांग छापील चित्रात दुसऱ्या बाजूला दिसतो. आरशात पाहून काढलेले आत्मचित्र याला अपवाद ठरते, कारण आरशाने उलटवलेला चेहरा छपाईत पुन्हा उलटतो आणि इतरांना दिसतो तसा उमटतो. चित्रात अक्षरे असतील, तर ती मात्र पत्र्यावर उलटीच लिहावी लागतात.