सासूबाई सारख्या लहानपणीच्या गावात असतात

"घरातलं मोठं माणूस सारखं जुन्या दिवसांत रमतं. ही विस्मरणाची सुरुवात तर नाही ना?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला सुना येतात, मुलगे येतात, क्वचित ते मोठं माणूस स्वतःच येतं. एरवी त्यातलं जुनं गाव राजापूर, वाई, परतवाडा असं काहीतरी असतं. या खेपेला ते इंग्लंडातलं रॉटनस्टॉल होतं. (घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे घरगुती तपशील बदललेत.)

सूनबाईंची तक्रार अशी: सासूबाई रोज दुपारी टॅबलेटवर गूगलच्या नकाशात त्या गावाच्या रस्त्यांवरून फिरत बसतात. जेवताना कुठलाही विषय निघाला तरी गाडी तिकडेच वळते. मुलगा जरा चिडूनच म्हणाला, "तिकडे नऊ वर्षं काढली, इकडे जवळजवळ पन्नास. तरी 'आमच्याकडे' म्हणजे तिकडेच."

मँचेस्टरच्या उत्तरेला, लँकशायर परगण्यात, रॉसेंडेलचं खोरं आहे. रॉटनस्टॉल त्यातलं. आधी कापडगिरण्यांचं, पुढे सपातांच्या कारखान्यांचं गाव. चहूबाजूंना उघडेबोडके डोंगर आणि वर्षभर पाऊस. साठच्या दशकात ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला डॉक्टर कमी पडत होते. भारतातून गेलेल्या कित्येकांच्या वाट्याला अशीच गावं आली, कारण ब्रिटिश डॉक्टर तिथे जायला नाखूश असत. या सासूबाईंचे, म्हणजे माझ्या काकूंचे (मी त्यांना काकू म्हणते), वडील त्यांपैकीच. १९६७ साली, काकू चार वर्षांच्या असताना, ही मंडळी तिकडे गेली आणि १९७६ च्या ऑगस्टमध्ये पुण्याला परत आली.

विस्मरणाची शंका असेल तर गप्पा मारण्याआधी मी डॉक्टरांकडे पाठवते. बी-१२, थायरॉइड, स्मरणशक्तीची प्राथमिक चाचणी. काकूंचं सगळं ठीक निघालं. घरच्यांसाठी एक खूण सांगते: माणूस जुनं किती बोलतं यापेक्षा आजचं किती निसटतंय ते बघा. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकते, तीच गोष्ट अर्ध्या तासात पुन्हा सांगतंय आणि मघाशी सांगितली हे त्याच्या गावीही नाही, असं असेल तर थांबू नका. काकू मात्र भाजीवाल्याचा हिशेब तोंडी करत होत्या आणि तो चुकला तर त्याला ऐकवतही होत्या.

मग मी त्यांना म्हटलं, "काकू, मला सांगा ते गाव." आणि त्यांनी सांगितलं. फेब्रुवारी १९७१ मध्ये नाणी बदलली. त्याआधी बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, आणि त्या हिशेबात तरबेज झाल्या तोच सगळं शंभरावर आलं. शाळेत मिळणारी दुधाची छोटी बाटली सात वर्षांवरच्या मुलांना त्याच वर्षी बंद झाली. ते दूध कोमट असायचं आणि काकूंना अजिबात आवडत नसे, तरी सांगताना डोळे भरून आले! १९७२ मध्ये खाणकामगारांच्या संपापायी पाळीपाळीने वीज जायची आणि मेणबत्तीच्या उजेडात गृहपाठ व्हायचा. उन्हाळ्यात गिरण्या-कारखाने एकदमच आठवडाभर बंद व्हायचे, सगळं गाव समुद्रकाठी ब्लॅकपूलला जायचं आणि रस्ते ओस पडायचे. बँक स्ट्रीटवर दारूबंदीवाल्यांच्या जमान्यातलं एक पेयगृह होतं, तिथे मिळायचं सार्सापरिला, मुळ्यांपासून केलेलं बिनदारूचं पेय. पाच नोव्हेंबरच्या रात्री होळी पेटायची आणि मीठ-व्हिनेगर घातलेले शिजवलेले काळे वाटाणे वाटीत मिळायचे.

आणि क्रिकेट. वडील त्यांना मैदानावर न्यायचे आणि दर वेळी तेच सांगायचे: आपल्या सांगलीचे विजय हजारे १९४९ मध्ये याच गावाच्या क्लबकडून व्यावसायिक म्हणून खेळले. शेजारच्या हॅसलिंग्डनकडून विनू मांकड खेळत होते. १९५२ मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीसाठी त्यांना तिथूनच बोलावून घ्यावं लागलं आणि त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या. हे सांगताना काकू थेट वडिलांच्या आवाजात बोलत होत्या. (मला क्रिकेटमधलं फारसं कळत नाही. तरी ऐकत राहावंसं वाटलं.)

गावाच्या ओढीने जुन्या आठवणींत झुरणं हा एके काळी खरोखरच आजार मानला जाई. १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकाच्या विद्यार्थ्याने त्यावर प्रबंध लिहिला होता. आज आम्ही तसं मानत नाही. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्येच मांडलं की उतारवयात आयुष्याकडे वळून बघणं हे स्वाभाविक काम आहे, त्याला म्हातारचळ समजू नये. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या सेडिकिडीस आणि वाइल्डशूट यांच्या प्रयोगांत दिसलं की एकटेपणा वाटला की माणसाचं मन अशा आठवणींकडे वळतं आणि त्या आठवणींमुळे आपल्याला कोणी आहे ही भावना वाढते. म्हणून मी पहिल्यांदा आठवणी थांबवायला जात नाही. त्या आत्ताच का येताहेत, हे शोधते.

काकूंच्या सांगण्यात एक गोष्ट मला खटकत होती. दिवसाउजेडीच्या प्रत्येक आठवणीत ऊन होतं. पावसासाठी प्रसिद्ध असलेल्या खोऱ्यात नऊ वर्षं ऊन? मी म्हटलं, "काकू, एका पावसाळी दिवसाचं सांगा ना." त्या अडल्या. विचार करून म्हणाल्या, "आठवत नाही गं."

उत्तर तारखांतच होतं. १९७६ चा इंग्लंडमधला उन्हाळा अजून लोकांच्या तोंडी आहे. कडक ऊन, मोठा दुष्काळ, त्यासाठी सरकारने ऑगस्टमध्ये खास मंत्री नेमला. पाऊस परतला महिनाअखेरीस, तोवर यांचं विमान सुटलं होतं. तेरा वर्षांच्या मुलीने शेवटचं पाहिलेलं गाव उन्हातलं होतं आणि मागच्या नऊ वर्षांवर तेच ऊन पसरलं.

पावसाळी दिवस पुढच्या भेटीत आला. शाळेतून भिजत येताना मोठी मुलं मागून काहीतरी ओरडली होती, रंगावरून. त्याच वर्षी, मे १९७६ मध्ये, जवळच्या ब्लॅकबर्नमध्ये स्थलांतरितांच्या विरोधातल्या पक्षाचे दोन नगरसेवक निवडून आले. त्यानंतर घरात दार लावून बोलणी होऊ लागली. मुलीला सांगितलं गेलं, आजी आजारी आहे, सुट्टीपुरतं जाऊ. तिने मैत्रिणीला "सप्टेंबरमध्ये भेटू" म्हटलं. गोष्टींची पुस्तकं, सायकल, सगळं तिथेच राहिलं. आजी पुढे बारा वर्षं खुटखुटीत होती.

हे काकूंनी आजवर एकाच माणसाला सांगितलं होतं, नवऱ्याला. रविवारच्या दुपारच्या चहाला ते मुद्दाम विचारायचे, "काय म्हणतंय तुमचं गाव?" दोन वर्षांपूर्वी ते गेले. नकाशातलं फिरणं त्यानंतर सुरू झालं. सूनबाई हे ऐकून गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "बाबा विचारायचे, हे मला माहीत होतं. पण ती त्यांची थट्टा आहे असंच वाटायचं मला."

म्हणजे काम दुःखावर करायचं होतं, तेही दोन निरोपांच्या: एक पन्नास वर्षं राहून गेलेला, एक ताजा. नवऱ्याबद्दल काकू सरळ बोलू शकत नव्हत्या, विषय निघाला की रॉटनस्टॉलला पळायच्या. मी त्यांना तिथे जाऊ दिलं आणि तिथूनच विचारत गेले: हे ऐकून काका काय म्हणाले होते? तेव्हा रडू आलं. त्या रडण्याची मी वाटच बघत होते.

घरच्यांना मी दोन-तीनच गोष्टी सांगितल्या. टॅबलेट काढून घेऊ नका. "परत तेच?" म्हणण्याऐवजी आजवर न विचारलेलं काहीतरी विचारा. मैत्रिणीचं घर कुठे होतं, सायकल कुठल्या रंगाची होती. रोजची तीच गोष्ट बहुधा तेवढ्याने पुढे सरकते. आणि तुम्ही कंटाळलात तर कंटाळलात, तसं सांगा. रोज दोन तास ऐकायचं व्रत घेऊ नका. काकूंनाही स्पष्ट सांगितलं, तिकडच्या काठीने इकडच्यांना मारू नका. "आमच्याकडे असं नसायचं" हे वाक्य सूनबाईंना रोज स्वयंपाकघरात लागत होतं, ते काकूंच्या ध्यानातही नव्हतं. झोप उडाली, जेवण तुटलं, भिशी-देवळात जाणंही बंद पडलं, तर मात्र हे आठवणींच्या पलीकडचं समजायचं आणि मनोविकारतज्ज्ञांना दाखवायचं, हेही त्यांना सांगून ठेवलंय.

मुलगा आता त्यांना तिकडे घेऊन जायचं म्हणतोय. जायला माझी हरकत नाही, पण वर्षश्राद्धाच्या आसपास नको, आणि सूनबाईंनीही सोबत जावं, असं सुचवलंय. काकूंचे गुडघे आणि व्हिसाचा खर्च, दोन्हींवर घरात खल चालू आहे. मध्यंतरी त्यांनी कोकणातले काळे वाटाणे आणून रात्रभर भिजवले, शिजवले, वर मीठ आणि व्हिनेगर घातलं. नातवाने चव घेतली आणि त्यात कांदा-कोथिंबीर टाकली. त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली, असं सूनबाई फोनवर हसत सांगत होत्या.