प्लास्टिकच्या पाणबुडीच्या किटला रेडिओ कंट्रोल बसवून ती खरोखर बुडवता येते का?

तुमच्याकडे रेव्हेलचं १/७२ मापाचं यू-बोटचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचं किट आहे आणि सगळ्या सांध्यांवर सिलिकॉन भरून, ती आतून कोरडी ठेवून, मोटर बसवायचा तुमचा विचार आहे. बोट नक्की चालेल, पण ते सिलिकॉन आधी बाजूला ठेवा. आत पाणी येऊ द्यायचं. कोरडं ठेवायचं ते फक्त आतलं एक नळकांडं, ज्यात मोटर, बॅटरी आणि रेडिओ बसतात.

कारण सांगतो. बंद बोट बुडवायची तर पाण्याच्या रेषेवर जेवढा भाग दिसतो, डेक आणि टॉवर धरून, तेवढ्या आकारमानाचं पाणी टाकीत घ्यावं लागतं. एवढी टाकी बसवल्यावर बॅटरी ठेवायला जागा उरत नाही. तेच कवच पाण्याने भरू दिलं, तर हिशेबात येते फक्त प्लास्टिकची जाडी आणि रेषेवर असलेला नळकांड्याचा भाग. खरी टाइप सेव्हन-सी, म्हणजे या किटमधली पाणबुडी, पाण्यावर ७६९ टनांची आणि पाण्याखाली ८७१ टनांची होती. फरक १०२ टन. लांबी ७२ ने भागली तरी वजन ७२ च्या घनाने भागायचं असतं, त्यामुळे ९३ सेंटिमीटरच्या मॉडेलला हा फरक जेमतेम २७५ ग्रॅमचा पडतो. एवढं पाणी घेणारी पिस्टनची टाकी, म्हणजे सिरिंजसारखा दट्ट्या ओढून पाणी आत घेणारी, आरामात बसते. टाकी बोटीच्या गुरुत्वमध्याशीच हवी, नाहीतर पाणी भरताना नाक किंवा शेपूट खाली जातं.

साच्यात पाण्याच्या ज्या भोकांच्या नुसत्या खुणा आहेत, त्या खरोखर कोरा. तळाला पाणी शिरायला वाट हवी आणि डेकखाली, टॉवरच्या माथ्याशी हवा निघायला. कुठे बुडबुडा अडकला तर बोट दर वेळी वेगळी वागते आणि चूक सापडता सापडत नाही.

नळकांड्याला पॉलिकार्बोनेटची पारदर्शक नळी घ्या, म्हणजे आत थेंब आला तर दिसतो. टोकांना ओ-रिंगच्या चकत्या, पंख्याच्या दांड्याला सील, सर्व्होच्या (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) तारांना रबरी भाते. बंद केल्यावर सिरिंजने थोडी हवा आत दाबा आणि टबात बुडवून धरा. माझ्या पहिल्या नळकांड्यात सुकाणूच्या तारेपाशी दर चार-पाच सेकंदांनी मोहरीएवढा एक बुडबुडा सुटायचा. एवढ्याने काय होतंय म्हणून मी तसंच चालवलं आणि अर्ध्या तासात रिसिव्हर गेला. एकही बुडबुडा चालवून घेऊ नका.

रेडिओच्या बाबतीत तडजोड नाहीच. आजचे २.४ गिगाहर्ट्झचे संच पाण्याखाली काही सेंटिमीटरांतच मुके होतात. जुना ४० किंवा ७५ मेगाहर्ट्झचा संच शोधा, तुमच्या देशात यातला कोणता चालतो ते आधी बघून. गोड्या पाण्यात तो काही मीटर खोलपर्यंत पोचतो, समुद्रात मात्र नाही. सिग्नल तुटला की टाकी आपोआप रिकामी होईल अशी सोय पहिल्या दिवसापासून ठेवा.

आता तोल, माझ्या मते या कामातला सगळ्यात सुंदर भाग. शिसं तळाला, फोम त्याच्या वर. आधी टाकी पूर्ण भरा आणि टॉवरची कडा पाण्याबाहेर नखभर राहील इतपत वजन जुळवा. दोन-तीन ग्रॅमची गोळी इकडची तिकडे केली तरी नाक हलतं. मग टाकी रिकामी करा. बोट हवी त्यापेक्षा खोल बसली तर शिसं काढू नका. पाण्याच्या रेषेवरचा थोडा फोम काढून रेषेखाली लावा. एकूण फोम तेवढाच राहतो, म्हणून बुडालेल्या बोटीचा तोल तसाच राहतो आणि पृष्ठभागावर ती वर येते. हे मला उमगायला आठवडा लागला होता, आणि अजूनही फोमचा तुकडा हलवला की बोट हळूच वर येताना बघत बसतो.

किटमधली सुकाणं आणि आडवे पंख दिसायला अचूक, पण मॉडेलच्या वेगाला फार लहान पडतात. पारदर्शक शीटचे तुकडे मागे चिकटवून ते मोठे करा, पाण्यात दिसतही नाहीत. मागच्या पंखांना पिच कंट्रोलर (नाक वर-खाली झालं की आपोआप सावरणारं यंत्र) जोडलात तर उत्तम, नाहीतर बोट डॉल्फिनसारखी वरखाली करत जाते.

डेक काढता येण्याजोगा ठेवा, स्क्रूवर किंवा चुंबकांवर. नळकांडं दर खेपेला बाहेर काढून पुसावं लागणार आहे, त्यामुळे गोंद लावायच्या आधी ते आत-बाहेर सरकतंय ना, एवढं बघून घ्या.