संबंध आले असतील, तर एचपीव्हीची लस घेऊन उपयोग आहे का?

आधी बराच वेळ ती पाळीच्या तक्रारी सांगत होती. त्यासाठी समुपदेशकाकडे सहसा कोणी येत नाही, म्हणून मी नुसती ऐकत राहिले. उठता उठता तिने विचारलं, "मॅडम, संबंध आले असतील तर एचपीव्हीची लस देत नाहीत ना?" (एचपीव्ही हा शरीरसंबंधांतून पसरणारा विषाणू; त्याच्या काही प्रकारांमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो.)

वय २४, अविवाहित. आधीच्या नात्यात शरीरसंबंध आले होते. आई लसीसाठी मागे लागलेली, आणि हिला धास्ती की तिथे आईसमोरच 'तसलं' काही विचारतील. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

असं विचारणाऱ्या पुष्कळ जणी येतात. 'संबंध येण्याआधी लस घ्या' हे खरंच आहे. ९ ते १४ हे त्यासाठी सर्वांत चांगलं वय. पण लोक त्याचा अर्थ 'नंतर घेऊन फायदा नाही' असा लावतात, आणि तो चूक आहे. एचपीव्हीचे २०० हून अधिक प्रकार आहेत. गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग त्यातल्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात. एखाद्या प्रकाराचा संसर्ग होऊन गेला असेलही, पण लसीतल्या सगळ्याच प्रकारांचा झालाय असं क्वचितच असतं. उरलेल्यांपासून संरक्षण मिळतं. आधीच असलेला संसर्ग मात्र लसीने जात नाही, हेही मी तिला सांगितलं. खोटा दिलासा देऊन काय साधणार? तसेही बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात.

लसीआधी एचपीव्ही चाचणी लागत नाही, आतली तपासणीही नाही. विचारतात ते एवढंच: ताप आहे का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, आधी डोस घेतलाय का, गरोदर आहात का.

शेवटच्या प्रश्नाला ती दचकली. "आईसमोर?"

गरोदरपणात ही लस पुढे ढकलतात, म्हणून तो प्रश्न. लग्न झालेलं असो-नसो, सगळ्यांनाच विचारतात. 'नाही' म्हटलं की विषय संपला. आणि तू सज्ञान आहेस, आईला बाहेर थांबायला सांग म्हणून नर्सला सांगता येतं. हे ऐकल्यावर ती पुन्हा खुर्चीत नीट टेकून बसली.

तिच्या वयाला दोन किंवा तीन डोस, सहा महिन्यांत. "मग पुढे तपासणी नको ना?" हवी. लस सगळे प्रकार अडवत नाही, त्यामुळे २५-३० नंतर गर्भाशयमुखाची नियमित तपासणी करायचीच.