डिकीत बॅटरी न्यायचीय? आधी वायरचं बघा

प्रश्न: सर, माझी जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. इंजिनात थोडं काम करायचंय आणि बॉनेटखाली हात घालायला पण जागा नाही, म्हणून बॅटरी मागे डिकीत न्यायचा विचार चाललाय. मित्राने त्याच्या गाडीला केलंय तसं, तो म्हणतो जाड वायर घे, प्लस पुढपर्यंत ओढ, मायनस तिथंच बॉडीला टाक, संपलं. फ्यूजचं विचारलं तर म्हणाला सेल्फच्या वायरला कंपनीवालेच फ्यूज देत नाहीत, तू कशाला टाकतोस. खरंच लागत नाही का? आणि वायर किती जाडीची घेऊ?

उत्तर: मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि तिथंच घोळ आहे. बऱ्याच गाड्यांत बॅटरी ते सेल्फ या वायरला फ्यूज नसतो हे बरोबर, पण ती वायर असते हातभर लांब, बॉनेटखाली, जिथं तिच्यावर कोणी पाय देत नाही की सीट सरकवत नाही. तुमची वायर होणार चार-साडेचार, वळणं धरली तर ५ मीटर, ती जाणार कार्पेटखालून, पत्र्याच्या भोकांतून, आणि मागून कोणी ठोकलं तर चेपणार पण तीच. एवढ्या लांबीत कुठंही ती बॉडीला चिकटली तर चांगली चार्ज असलेली बॅटरी हजार अँपियरच्या वर करंट सोडू शकते. डॅशबोर्डखालचे फ्यूज तेव्हा काही कामाचे नाहीत, कारण ते सगळे या वायरच्या पुढे बसलेत, मागे काय जळतंय ते त्यांना कळतच नाही. मग वायर लाल होते, प्लास्टिक वितळतं, कार्पेट पेटतं, आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही.

म्हणून फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीच्या प्लसपासून एका वितीच्या आत. पुढे सेल्फजवळ बसवून काही उपयोग नाही. फ्यूज गाडीसाठी नसतो हो, वायरसाठी असतो, आणि बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा कायम बिनसंरक्षणाचाच राहतो, म्हणून तो जितका छोटा तितकं बरं. लहान पेट्रोल इंजिनाचा सेल्फ फिरताना साधारण १५० ते २०० अँपियर घेतो, पहिला झटका त्याहून मोठा असतो, तर बोल्टने बसणारा एएनएल किंवा मेगा प्रकारचा २५० ते ३०० अँपियरचा फ्यूज लावा. हे फ्यूज क्षणभराच्या झटक्याने उडत नाहीत, सरळ शॉर्टला उडतात. काचेच्या नळीतले नाहीतर पात्याचे छोटे फ्यूज इथं विसरा.

आता जाडी. शाळेतलं गणित आहे, पण करूनच बघा. ५ मीटर तांब्याची वायर २५ स्क्वेअर एमएमची घेतली आणि २०० अँपियर खेचले तर ०.७ व्होल्ट वायरमध्येच गायब. ३५ ला अर्धा व्होल्ट. ५० घेतली तर ०.३५. सेल्फ मारताना बॅटरी मुळात साडेदहाच्या आसपास खाली येते, त्यातून अजून पाऊण व्होल्ट गेला तर थंड सकाळी सेल्फ कण्हायला लागतो आणि माणूस बॅटरीला शिव्या देतो. मी ५० सांगेन, ३५ च्या खाली तर जाऊच नका. वेल्डिंगची केबल चालते, लवचिक असते, फक्त तिचं वरचं रबर ऑइल-पेट्रोलला टिकणारं आहे का ते बघून घ्या. आणि एक, स्वस्तात जाड दिसणारी वायर मिळाली तर एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम आहे, त्याच जाडीत दीडपटीहून जास्त अडथळा, सरळ परत द्या.

मायनसचं मात्र लोक फारच हलक्यात घेतात. मध्यंतरी माझ्याकडे एक गाडी आली होती, बॅटरी मागे नेलेली, प्लसची वायर अंगठ्याएवढी, लाल स्लीव्ह, एकदम देखणं काम, पण सेल्फ आळसावलेला. मालकाने दोन बॅटऱ्या बदलून झालेल्या. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस पोलवर ठेवली, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, आणि त्याला सेल्फ मारायला सांगितला. १.३ व्होल्ट! म्हणजे परत येणाऱ्या वाटेवरच एवढा खाल्ला जात होता. डिकीतला अर्थचा, म्हणजे मायनस बॉडीला जोडणारा, बोल्ट उघडला तर थिंबलखाली (वायरच्या टोकाला बसवलेली भोकाची धातूची टोपी) गाडीचा रंग तसाच्या तसा, बोल्टच्या आट्यांतून जेवढा करंट जाईल तेवढाच जात होता, आणि पुढे इंजिन ते बॉडी जी पट्टी असते ती जुनी, हिरवी पडलेली, करंगळीएवढी. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, पट्टी प्लसच्याच जाडीची टाकली, वरून ग्रीस, आणि रीडिंग ०.२ वर आलं. बॅटरी तीच. तेव्हा मायनस डिकीत बॉडीला टाकायला हरकत नाही, पण जाड पत्र्यावर टाका, सीटच्या किंवा बेल्टच्या बोल्टला नको, आणि पुढची पट्टी बदलल्याशिवाय काम झालं म्हणू नका.

वायर नेताना पेट्रोलचा पाइप आणि सायलेन्सर ज्या बाजूला आहेत त्याच्या उलट बाजूने, शक्यतो आतून, दाराच्या उंबऱ्यालगत. सीटच्या रेलखालून नाही म्हणजे नाही. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट, वर कोरुगेटेड पाइप, आणि दर दीड वितीला क्लिप, म्हणजे वायर हलून घासत नाही. पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांना हात लावू नका आणि वायर त्यांना टायने बांधूही नका. थिंबल हातोडीने ठोकून बसवू नका. थिंबल दाबून बसवायचा हायड्रॉलिक क्रिंपर नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून करून घ्या, आणि दाबल्यावर जोर लावून ओढून बघा. हातोडीने ठोकलेलं थिंबल माझ्या हातात निघून आलेलं आहे, दोरीतून गाठ सुटावी तसं.

बॅटरी बसवायला बेल्ट-दोरी नको. १५ किलोची बॅटरी जोरदार टक्करीत वीसपट जोराने पुढे येऊ शकते, म्हणजे ३०० किलोचा धक्का, आणि मध्ये मागच्या सीटवरची माणसं. पत्र्यातून आरपार बोल्ट, खाली मोठे वॉशर. भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून बघा, कारण बऱ्याच गाड्यांत तिथंच पेट्रोलची टाकी असते.

राहिला गॅस. चार्ज होताना साध्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीला पेट घेतो. डिकी म्हणजे बंद पेटीच. म्हणून झाकणाचा बॉक्स आणि त्यातून खाली बाहेर जाणारी नळी. एजीएम, म्हणजे ऍसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेली बॅटरी, घेतली तर ऍसिड सांडत नाही, पण जास्त चार्ज झाल्यावर ती पण व्हॉल्वमधून गॅस सोडते, तेव्हा नळी तिलाही हवी. डिकीत बॅटरी हे काही जगावेगळं नाही, १९५९ च्या मूळ मिनीत ती तिथंच होती, १९८९ च्या माझदा एमएक्स-५ मध्येही, आणि बीएमडब्ल्यूच्या कित्येक मॉडेल्सना आहे. बीएमडब्ल्यूवाले तर प्लसच्या क्लॅम्पमध्ये बारीक स्फोटक ठेवतात, टक्कर झाली की सेल्फकडे जाणारी वायर तिथंच तुटते. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण फ्यूज तर जमेल ना?

प्रश्न: बॅटरी काढताना आधी मायनसच का काढायचं? दोन्हीपैकी कुठलंही काढलं तरी सर्किट तुटतंच ना?

उत्तर: तुटतं, पण पाना कुठं लागतो ते बघा. मायनस जोडलेलं असताना सगळी बॉडी मायनस असते, आणि तुम्ही प्लसचा नट फिरवताय, पान्याचं दुसरं टोक पत्र्याला लागलं की शॉर्ट. शिकाऊ असताना मी हे केलंय, माझ्या १० नंबरच्या पान्याला त्या दिवसाची खाच अजून आहे. मायनस आधी सोडलं की पाना बॉडीला कुठंही लागू द्या. जोडताना उलट, मायनस शेवटी. हातात अंगठी असेल तर काढून ठेवा, तीही पान्यासारखीच वागते.

प्रश्न: माझ्या गाडीला स्टार्ट-स्टॉप आहे (सिग्नलला थांबलं की इंजिन आपोआप बंद, निघताना चालू) आणि मायनसच्या क्लॅम्पवर एक छोटी डबी, तिला बारीक वायर. अशा गाडीत बॅटरी मागे नेता येईल का?

उत्तर: ती डबी म्हणजे बॅटरीत करंट किती आला-गेला ते मोजणारा सेन्सर. सगळा करंट तिच्यातूनच जायला हवा. कुठलीही जादा अर्थ थेट मायनस पोलवर टाकलीत तर तिचा हिशोब चुकतो आणि चार्जिंग बिघडतं, अर्थ बॉडीला टाका. बॅटरी हलवायची तर सेन्सरची वायरही वाढवावी लागेल, खरं सांगू, अशा गाडीत हा उद्योग करू नका.

प्रश्न: बॅटरी मागे नेली आणि उतरली, डिकीचं कुलूप पण इलेक्ट्रिक. मग?

उत्तर: हे काम करतानाच सुचायला हवं. बॉनेटखाली सेल्फच्या वायरवर एक इन्सुलेटेड पोस्ट द्या, वर रबरी टोपी, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंप देताना प्लस तिथं लावायचा आणि मायनस इंजिनच्या उघड्या लोखंडाला. आणि कुलपाला आतून ओढायची तार ठेवा.